मामाचा हात नकाशात सापडत नाही

एमआरआयच्या खोलीत शिरण्याआधी अंगावरचं सगळं लोखंड काढून ठेवावं लागतं, आणि मामाच्या अंगावरचं लोखंड काही संपत नव्हतं. कॉलरच्या आत खोचलेल्या दोन सुया निघाल्या. शर्टाच्या खिशातून टाचण्यांची डबी निघाली, पँटच्या दुमडीतून एक सुटी टाचणी, आणि मोज्यातून एक छोटी कात्री. मोज्यात का, हे विचारण्याच्या भानगडीत भाची पडली नाही.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"तोंड उघड."

मामानं तोंड उघडलं. गालात टाचणी नव्हती, पण तपासेपर्यंत दोघांनाही खात्री नव्हती. चाळीस वर्षं लोकांचे कोट आणि पँटी शिवलेला माणूस तो. टाचण्या दातांत धरून तो गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा, आणि आजवर एकही गिळली नाही याचा त्याला बराच गर्व होता.

भाची त्या इस्पितळात अकरा वर्षं हे यंत्र चालवत होती. शिकायला म्हणून मामाकडे राहायला आली ती तिथलीच झाली. तिच्या कामाला मामा 'फोटो काढणं' म्हणायचा आणि तिला 'फोटोवाली'. अकरा वर्षांत तिनं शेकडो डोकी पाहिली होती. त्यातली निम्मी कोणाची होती हे तिला आठवतही नसे, आणि याबद्दल तिला कधी वाईट वाटलं नव्हतं. या डोक्याची गोष्ट वेगळी होती.

मामाच्या डोक्यात डाव्या बाजूला लिंबाएवढी गाठ निघाली होती. महिन्यापूर्वी दुकानात एका गिऱ्हाइकाचं माप घेताना त्याचा उजवा हात आपला आपण थडथडायला लागला. गिऱ्हाईक घाबरून टेपसकट पळालं, आणि शेजारच्या चपलावाल्यानं मामाला इस्पितळात आणलं. गाठ काढायची हे ठरलं. प्रश्न एवढाच होता की उजव्या हाताची बोटं हलवणारा मेंदूचा भाग त्याच गल्लीत कुठेतरी असतो, आणि 'कुठेतरी' हा पत्ता सर्जनला चालत नाही. चुकीच्या ठिकाणी सुरी लागली तर हात कायमचा लुळा. म्हणून आधी नकाशा काढायचा. पाहायचं काम कुठे चालतं, ऐकायचं कुठे, हात कुठून हलतो, पाय कुठून.

"तुला आत डोळ्यांसमोर एक आरसा दिसेल," भाचीनं समजावलं. "आरशात हिरवा गोल दिसला की अंगठा एकेका बोटाला लावत राहायचं. पांढरी फुली दिसली की आराम. वीस सेकंद काम, वीस सेकंद आराम. असं सहा वेळा. मग पायाचं तसंच."

"आराम म्हणजे काय करायचं?"

"काही नाही करायचं."

"ते कसं करतात?"

भाची हसली. या प्रश्नाकडे तिनं लक्ष द्यायला हवं होतं. आत थंडी फार असते, आणि मामा पातळ गाऊनमध्ये कुडकुडत होता. ती एक जाड पांघरूण घेऊन आली आणि त्याला गळ्यापासून पायापर्यंत गुंडाळून टाकलं. बाहेरच्या भिंतीवर एक पाटी होती. 'हालचालीच्या तपासणीत रुग्णाचे हात-पाय उघडे ठेवावेत आणि काचेतून नजर ठेवावी.' ती पाटी भाचीनं स्वतः लिहिली होती, नवशिक्यांसाठी.

तपासणी झकास झाली. मामानं डोकं तसूभर हलवलं नाही. आरशात काळ्यापांढऱ्या चौकटी लुकलुकल्या तेव्हा पडद्यावर मेंदूचा मागचा भाग लालभडक झाला, म्हणजे नजर जिथे असायला हवी तिथे होती. कानात आवाज सोडला तेव्हा दोन्ही बाजू पेटल्या. हाताच्या वेळी मात्र काहीच आलं नाही. पायाच्या वेळीही नाही. नकाशा कोरा करकरीत.

दुसऱ्या दिवशी सर्जननं नकाशा पाहिला आणि तो खूश झाला. सर्जन म्हणजे उंच, घाईतला माणूस. आपण बोलतो तेव्हा समोरच्यानं फक्त मान हलवावी अशी त्याची साधी अपेक्षा असे.

"गाठीच्या आसपास हाताचं नावही नाही," तो म्हणाला.

"सर, पण मग हात आहे कुठे?"

"सरकला असेल. गाठ हळूहळू वाढली की मेंदू आपलं बिऱ्हाड हलवतो. पाहिलंय मी असं." त्यानं मामाकडे वळून पाहिलं. "मास्तर, सगळी गाठ काढून टाकू. हाताला धक्का नाही."

मामीनं पदरानं डोळे पुसले आणि लगेच, इतके दिवस उगाच घाबरवलंत म्हणून मामाला झापलं. मामा गप्प होता. मामी बोलायला लागली की तो गप्पच असायचा. तीस वर्षांच्या संसाराबद्दल मामीची तक्रार एकच होती, आणि ती रोज सकाळी ताजी निघायची. हा माणूस माझं ऐकत नाही. भिंतीशी बोललं तर निदान आवाज परत येतो, असं तिचं म्हणणं होतं.

संध्याकाळी घरी सगळे निवांत बसले होते. डॉक्टरांनी शिवणकाम बंद करायला सांगितलं होतं, म्हणून मामा खुर्चीत रिकामा बसून समोरच्या भिंतीकडे बघत होता. भाची चहा पीत होती. पिता पिता तिची नजर त्याच्या उजव्या हाताकडे गेली, आणि तिनं कप खाली ठेवला.

मामाची बोटं चालू होती. अंगठा तर्जनीवर घासत पुढे सरकत होता, जणू कापड सुईखाली ढकलतोय. पायाचा चवडा तालात वरखाली होत होता. मशीन दुकानात, मामा घरात, आणि शिवण चालू.

"मामा, काय करतोयस?"

"काही नाही. आराम."

कोरा नकाशा आता भाचीला कळला. यंत्राला हात दिसत नाही. त्याला फक्त फरक दिसतो. मेंदूत रक्त सगळीकडे सदा वाहतच असतं, काम करणाऱ्या भागाकडे थोडं जास्त. कामाच्या वीस सेकंदांतून आरामाचे वीस सेकंद वजा केले की जे उरतं, ते लाल. आरामातही हात चालूच असेल तर उरणार काय, कपाळ. मामानं चार मिनिटं अखंड शिवण घातली होती, आणि यंत्रानं इमानदारीत शून्य काढून दिलं होतं. हात कुठेही सरकला नव्हता. तो बहुधा गाठीला चिकटून बसला होता, आणि सर्जन तिथेच बेधडक सुरी चालवणार होता. हे सगळं भाचीला दिसलं नाही, कारण मामाला थंडी वाजेल म्हणून तिनं पांघरूण घातलं होतं.

सकाळी तिनं सर्जनला गाठलं. अकरा वर्षांत आपली चूक सांगायला ती कोणाच्या दारात गेली नव्हती. तिचे कान तापले.

"पांघरूण?" सर्जन म्हणाला.

"हो सर."

"पाटी तुम्हीच लावलीय ना?"

"मीच."

सर्जननं घड्याळाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि मग बऱ्यापैकी माणसासारखं बोलला. "गुरुवारी चाळीस मिनिटं देतो. त्यात हात सापडला नाही तर मला अंदाजानं कापावं लागेल. मला तो प्रकार आवडत नाही."

गुरुवारपर्यंत दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत एका शिंप्याला आराम शिकवायचा होता.

भाचीनं घड्याळ घेऊन शिकवणी सुरू केली. "फुली," ती म्हणायची, आणि मामा हात मांडीवर ठेवायचा. चार सेकंद हात मेल्यासारखा पडून राहायचा. पाचव्या सेकंदाला अंगठा हळूच निघायचा. "मामा, अंगठा." "बघ, मला कळलंसुद्धा नाही." मुठी आवळून झाल्या, तर आवळलेल्या मुठीत बोटं चुळबुळली. मनात आकडे मोजून झाले, तर तो टाके मोजायला लागला. भाचीनं त्याला निळ्या आकाशाचा विचार करायला सांगितला. मामानं डोळे मिटले आणि थोड्या वेळानं म्हणाला, "निळ्यात अस्तर कुठलं घ्यायचं?"

दुसऱ्या संध्याकाळी तर भाचीनं हात टेकले. मामा आपला फुलीत बसून मजेत शिवत होता, आणि ती हताशपणे घड्याळाकडे बघत होती. इतक्यात स्वयंपाकघरातून मामी कडाडली. नळ आठ दिवस गळतोय, मी काय बोलते ते कोणाच्या कानात शिरतं का, का मी या घरात रेडिओ आहे.

मामाचा अंगठा थांबला.

पाय थांबला. मान किंचित आवाजाच्या दिशेला वळली. मामी नळावरून छतावर गेली, छतावरून मामाच्या धाकट्या भावावर, आणि एवढा सगळा वेळ मामाचा हात मांडीवर पडून होता. बोलणं संपलं तसा अंगठा पुन्हा सुरू झाला. मामानं अर्थात हूं की चूं केलं नाही. मामीला भिंतीपलीकडून एवढंच कळलं की उत्तर आलेलं नाही.

भाचीनं घड्याळात पाहिलं. पन्नास सेकंद. तिला वीसच हवे होते.

गुरुवारी पांघरूण कपाटात राहिलं. मामा कुडकुडत आत गेला. मामीला काचेपलीकडच्या खोलीत माइकसमोर बसवलं. तिचा आवाज मामाच्या कानावरच्या हेडफोनमध्ये जाणार होता.

"मी हात वर केला की बोलायचं," भाची म्हणाली. "खाली केला की थांबायचं."

"काय बोलू?"

"नेहमीचंच. भांड."

"असं सांगून कोणी भांडतं का?"

पहिली फुली आली. भाचीनं हात वर केला. मामी खाकरली, पदर सावरला आणि म्हणाली, "हॅलो. मी बोलतेय. बरं वाटतंय ना? काळजी करू नका." काचेतून स्पष्ट दिसत होतं, आतमध्ये अंगठा निवांत शिवण घालत होता. दुसऱ्या फुलीला मामीनं नळाचा विषय काढला, पण कोणी शोकसभेत बोलावं तसा. अंगठा थांबला नाही. तीस वर्षं जिच्या तोंडाला खळ नव्हता, तिला नेमकं आजच सौजन्य सुचलं होतं.

भाचीनं यंत्र थांबवलं. चाळीसपैकी बारा मिनिटं गेली होती. सभ्यपणे उरकायला आता वेळ नव्हता.

"मामी," ती म्हणाली, "हात पहिल्यांदा थरथरला तो महिन्यापूर्वी नाही. चार महिने झाले. कात्री पडायची हातातून. त्यानं मला परवा सांगितलं, आणि तुला सांगू नको म्हणाला."

मामी तिच्याकडे बघत राहिली. "चार?"

"चार."

यंत्र पुन्हा सुरू झालं. हिरवा गोल, वीस सेकंद बोटं. मग फुली. भाचीनं हात वर केला.

"चार महिने?" मामी माइकवर म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "मी रोज विचारत होते, शर्टाचं बटण उलटं का लावलंय, घास का सांडतोय. म्हातारे झालात म्हणून चिडवत होते मी. हसत होते. आणि तुम्ही मला हसू दिलंत?"

अंगठा थांबला. पूर्ण थांबला.

भाचीनं हात खाली केला. मामी थांबली नाही. थांबणार तरी कशी. भाचीनं माइकचं बटण बंद केलं आणि मामी हिरव्या गोलाचे वीस सेकंद बंद माइकला सुनावत राहिली. पुढच्या फुलीला भाचीनं बटण दाबलं तेव्हा मामाच्या कानात अर्ध्या वाक्यापासून पडलं. "...एकट्यानं घाबरायचं? मला काय फक्त चहा करायला ठेवलंय?" सहा फुल्या झाल्या. सहाही वेळा मामाचा हात गादीवर पडून राहिला, आणि भाचीला रडू आलं, पण डोळ्यांपुढे सेकंदांचे आकडे धरून ठेवायचे होते, म्हणून ती रडली नाही.

नकाशा पडद्यावर उमटला. डाव्या बाजूला, गाठीच्या कडेला अगदी घासून, एक लाल ठिपका.

"हा हात," भाची म्हणाली.

मामी डोळे पुसत पडद्याजवळ आली. तिनं लाल ठिपका पाहिला आणि मग त्याच्याहून मोठे, दोन्ही बाजूंचे निळे डाग पाहिले. "आणि हे?"

"ते कान. आरामात जे जास्त चालतं ते निळं दिसतं."

"म्हणजे?"

"म्हणजे तू बोलत होतीस तेव्हा तुझं बोलणं तिथे पोचत होतं."

ऐकू येणं आणि ऐकणं यातला फरक यंत्राला कळत नाही, हे भाचीला माहीत होतं. ते तिनं सांगितलं नाही. हात थांबला होता, तेवढं तिला पुरेसं होतं. मामीनं त्या निळ्या डागांची एक प्रत मागून घेतली आणि घडी करून पर्समध्ये ठेवली.

भाची त्या दुपारी खुशीत होती. हात सापडला, आता हात वाचणार. सर्जनच्या खोलीत चौघं बसले तेव्हा तिच्या चेहऱ्यावर ती खुशी होती. सर्जनच्या चेहऱ्यावर नव्हती.

"आता विचार करावा लागेल," तो म्हणाला. "हात वाचवायचा तर गाठीची ही कड ठेवावी लागेल. उरलेली गाठ परत वाढेल. सहा-सात वर्षं मिळतील, असा अंदाज. सगळी काढली तर पंधरा, वीस, कदाचित त्याहून जास्त. पण उजव्या हातानं साधं बटण लागणार नाही. सुई तर विसराच. हे मी ठरवू शकत नाही. मास्तर, तुम्ही सांगा."

भाचीच्या डोक्यात आधी एकच विचार आला आणि तिला त्याची लाज वाटली. पांघरूण काढलंच नसतं तर ही निवड कोणाच्या वाट्याला आली नसती. सर्जननं गाठ सगळी काढली असती, हात गेला असता, आणि सगळ्यांनी नशिबाला बोल लावला असता.

"कड ठेवा," मामा म्हणाला. "हाताशिवाय मी काय करू? दाराशी बसून लोकांच्या उसवलेल्या शिवणी बघू?"

"सगळी काढा," मामी म्हणाली.

"हात माझा आहे."

"हात तुमचा आहे. मी तुमच्या हाताशी लग्न केलेलं नाही." मामीनं पर्स घट्ट धरली होती. "बटणं मी लावीन. घास मी भरवीन. चिडचिड कराल ती ऐकून घेईन. पण सात वर्षांनी मी कोणावर ओरडू? तुम्ही उत्तर देत नाही, ते मी तीस वर्षं चालवून घेतलं. समोर खुर्चीच रिकामी असली, तर ते मला नाही चालायचं."

मामाचा उजवा हात टेबलावर होता. तो हलत नव्हता. मामी बोलायची थांबली तरी तो हलला नाही, आणि भाचीनं असं पहिल्यांदाच पाहिलं. मामा आपल्या बोटांकडे बघत होता, एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं. एरवी अर्ध्या मिनिटात उठणारा सर्जनसुद्धा बसून राहिला.

"काढा सगळी," मामा म्हणाला.

"मामा, थांब," भाची म्हणाली. "घरी जाऊन विचार कर. दोन दिवस घे. एवढं सगळं करून हात शोधलाय आपण."

"म्हणून तर देता येतोय," मामा म्हणाला. "हरवलेला असता तर काय दिलं असतं?" त्यानं सर्जनकडे पाहिलं. "पंधरा दिवस द्या फक्त. अकरा कपडे कापून पडलेत. लोकांना उघडं पाडून चालणार नाही."

सर्जननं मान हलवली आणि कागदावर तारीख लिहिली. मामानं डाव्या हातानं पेन घेतलं आणि खाली वेडीवाकडी सही केली. उजवा हात त्यानं खिशात घातला होता.

मामी हुंदके देत होती. तिनं त्या खिशातल्या हाताला कोपरापाशी धरलं आणि रागानं हलवलं.

"एवढं एक नसतं ऐकलंत," ती म्हणाली, "तरी चाललं असतं."